हट्टी सेल्युलोज आणि ढवळण्याचें यंत्र

सुती धोतर शेंकडों वेळां धुतलें तरी पाण्यांत विरघळत नाहीं. अशा हट्टी सेल्युलोजला द्रवरूप देऊन रेयॉनचा धागा काढण्यास उपयोगी पडलेली व्हिस्कोजची रीत क्रॉस, बेव्हन व बीडल या इंग्रज रसायनज्ञांनीं १८९२ सालीं पेटंट केली. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यांत भिजवून त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया केली, कीं नारिंगी चुरा होतो. तो पातळ सोड्यांत विरघळवावयाचा.

खरी परीक्षा येथेंच. चुऱ्याच्या गुठळ्या होतात. बाहेरचा थर फुगून चिकट बनतो, आंतला भाग तसाच राहतो. पिठलें करणाऱ्या गृहिणीस हें सांगावयास नको! म्हणून प्रारंभीं पातीं वेगानें फिरवावीं लागतात. पुढें द्राव मधासारखा दाट होतो. तोच वेग ठेविल्यास घर्षणानें उष्णता वाढते, आणि हा चुरा तर थंडाव्यांतच नीट विरघळतो. यास्तव पात्राभोंवतीं थंड पाणी खेळवितात व पात्यांचा वेग कमीअधिक करतां येईल असें यंत्र योजितात. एकाच वेगाचें यंत्र स्वस्त खरें, पण न विरघळलेला एक कण केसाएवढ्या छिद्रांत अडकला, कीं धागा तुटतो. झांकणही घट्ट हवें. कार्बन डायसल्फाइडची वाफ चटकन् पेट घेते, आणि तिनें कित्येक कामगारांचे मज्जातंतू कायमचे दुबळे केलेले आहेत.