धोंडू आणि नकुशी



मी सातवी शिकलेली बाई. नावांविषयी घरात जे ऐकले, तेवढेच सांगते.

पूर्वी मुले जगत नसत. मग पुढच्याचे नाव दगडू, धोंडू, केरबा असे ठेवीत. दृष्ट लागू नये, काळाने दगड समजून पुढे जावे, एवढाच हेतू. आमच्या आजेसासूबाई लेकाला भिक्या म्हणत आणि पहिला घास त्यालाच भरवीत. नाव ओबडधोबड, पण पोटात माया.

'नकुशी' हे नाव मात्र तसे नव्हे. मुलीवर मुलगी झाली, आता पुरे, म्हणून ते ठेवीत. निरोप देवाला, पण शाळेच्या हजेरीत तो रोज ऐकायचा पोरीने. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे दिली. कित्येकींनी ती स्वतःच निवडली.

बारशाला पाळण्याशी आपण बायकाच असतो. कानात नाव सांगणारी आत्याही आपल्यातलीच. तेव्हा "पुन्हा मुलगीच का?" हे शब्द पाळण्यापाशी कुणी काढू नयेत, एवढे आपल्या मंडळाने ठरवावे, अशी विनंती करून मी खाली बसते.