आल्प्सच्या बाईक पार्कला जाताय? आधी हात तयार करा

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांनी आल्प्समधल्या सायकलिंगचे रील बघून बघून शेवटी ठरवलंय, की यंदा जायचंच. कुणी पुण्यातून निघणार आहे, कुणी आधीच म्युनिक नाहीतर श्टुटगार्टला नोकरीत आहे आणि तिथून शनिवार-रविवार गाठणार आहे. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: ‘तयारी काय करू?’

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडे ‘बाईक’ म्हटलं की घरचे विचारतात, पेट्रोल कोण भरणार. ही बाईक म्हणजे माउंटन बाईक, डोंगरावरची सायकल. आणि बाईक पार्क म्हणजे काय? हिवाळ्यात ज्या डोंगरांवर स्कीइंग चालतं, तिथल्याच लिफ्ट उन्हाळ्यात सायकली वर नेतात. पाळण्यात बसायचं, सायकल हुकाला लावायची, वर उतरायचं आणि मुद्दाम बांधलेल्या वाटांवरून खाली यायचं. परत लिफ्ट, परत खाली. दिवसभर हेच.

आता फसगत इथेच होते. चढ नाही म्हटल्यावर वाटतं, दम लागणार नाही, मग फिटनेस कशाला? हिशोब करून बघू. एका फेरीत समजा ५०० मीटर खाली उतरलात आणि दिवसात ८ फेऱ्या झाल्या, तर ४,००० मीटर उतार झाला. सिंहगड पायथ्यापासून साधारण ६०० मीटर धरला, तर एका दिवसात सहा-सात वेळा सिंहगड उतरलात. तोही पेडलवर उभं राहून, गुडघे वाकवून, ब्रेकवर बोटं ठेवून. म्हणजे काम फुप्फुसांचं कमी आणि मांड्या, कंबर, मनगटं यांचं जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, तेव्हा हे कळतं. आपल्याला ते आधी कळायला हवं.

जायचं कुठे? नावं खूप आहेत, मी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तीनच सांगते. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर पोर्त द्यु सोलेय नावाचा मोठा परिसर आहे. मोर्झीन, ले जे, आव्होरियाझ, शातेल ही गावं फ्रान्समध्ये आणि शाँपेरी, मोर्जँ स्वित्झर्लंडमध्ये. जिनिव्हा विमानतळावरून गाडीनं तास-दीड तासात मोर्झीन येतं. दुसरं ऑस्ट्रियातलं लेओगांग, म्युनिकहून दोन-अडीच तास. तिथे पायथ्याशीच नवशिक्यांसाठी सरावाची जागा आहे. तिसरं इटलीतलं लिव्हिन्यो. हे गावच १,८१६ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तुम्ही हॉटेलात झोपलेले असताना महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्याही वर असता! पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका. पाणी भरपूर प्या आणि दुपारपर्यंत दमानं घ्या.

पार्क निवडताना एक पथ्य पाळा. जागतिक स्पर्धा कुठे होतात ते बघून जागा ठरवू नका. २०११ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा शाँपेरीला झाली होती. भर पावसात, चिखलात ब्रिटनचा डॅनी हार्ट तिथे ११ सेकंदांहून जास्त फरकानं जिंकला. तो व्हिडिओ जरूर बघा, पण त्यावरून तिकीट काढू नका. आपल्याला बघायचंय ते नकाशावरचे रंग. हिरवी वाट सगळ्यात सोपी, मग निळी, मग लाल, शेवटी काळी. ज्या पार्कात हिरव्या आणि निळ्या वाटा भरपूर, ते आपलं पार्क. आणि इथल्या टेकडीवर तुम्ही कितीही तरबेज असा, तिथे पहिली फेरी हिरवीच. तिथली निळी वाट म्हणजे आपल्याकडचं ‘सोपं’ नव्हे. वेग वेगळा, वळणांच्या उंच भिंती वेगळ्या, आणि खाली मुरूम नाही तर ओली मुळं.

आता आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. चालत असाल तर दोन मिनिटं थांबा, बसमध्ये असाल तर आवाज वाढवा.

आपल्याकडे सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. स्कूटरलाही उजवा हात म्हणजे पुढचा ब्रेक, डावा हात म्हणजे मागचा. लहानपणापासून हाताला तीच सवय. युरोप खंडात मात्र सायकलचा पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो. भाड्याची सायकल घ्याल तर तशीच मिळेल.

यात काय एवढं? बघा, उतारावर मागचं चाक जरा आवळावं म्हणून तुम्ही सवयीनं डावं बोट दाबता. दाबला जातो तो पुढचा ब्रेक. वळणात, ओल्या मुळावर, पुढचं चाक अडकतं आणि तुम्ही हँडलवरून थेट पुढे. उलटंही होतं. समोर कुणी पडलेलं दिसतं, तुम्ही जीव खाऊन उजवा दाबता, तो निघतो मागचा. मागचं चाक घसरत जातं, सायकल काही थांबत नाही. डोक्याला माहीत असतं हो, पण घाबरल्यावर डोकं विचार करत नाही, हात करतात. आणि हातांना पुण्याची सवय असते.

उपाय दोन. एक, बुकिंग करतानाच दुकानाला ईमेल करा, की मला पुढचा ब्रेक उजव्या हाताला हवाय, बदलून मिळेल का? नाही म्हणाले तर वेळेत कळेल. दोन, ते नाहीच म्हणाले तर इथेच महिनाभर आधी आपल्या सायकलचे ब्रेक मेकॅनिककडून उलटे करून घ्या आणि मोकळ्या मैदानावर, मग टेकडीवर चालवा. रहदारीत लगेच नेऊ नका, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला ती सायकल देऊ नका. तिथे पोचल्यावर सायकल हातात आली की पहिली तपासणी हीच. उभ्यानं सायकल धरा, डावा ब्रेक दाबा आणि पुढे ढकला. मागचं चाक उचललं गेलं तर डावा म्हणजे पुढचा. पाच सेकंदांचं काम आहे.

ब्रेकचंच आणखी थोडं. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवला तर डिस्क तापते, उष्णता आतल्या तेलापर्यंत जाते. तेल उकळलं की बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो. मग लिव्हर थेट हँडलला टेकते आणि हाताला काहीच लागत नाही. म्हणून ब्रेक कसा मारायचा? वळणाच्या आधी, सरळ वाटेवर, दोन्ही ब्रेक, नीट आणि थोडा वेळ. मग सोडा आणि वळा. एका हाताचं एकच बोट ब्रेकवर, बाकीची बोटं हँडलवर. मुळं आणि ओले दगड आले की त्यांच्याआधी वेग कमी करा, त्यांच्यावर ब्रेक नको. स्वतःची सायकल नेत असाल तर पॅड नवे घाला, शक्यतो मेटलचे. ते उष्णता आणि चिखल जास्त सोसतात. आणि तेल कुठलं आहे ते बघूनच भरा. काही ब्रेकना डॉट तेल लागतं, काहींना मिनरल. अदलाबदल झाली तर आतले रबरी भाग खराब होतात.

स्वतःची न्यायची की भाड्यानं घ्यायची? भारतातून जाणाऱ्यांना माझं उत्तर सरळ आहे: भाड्यानं घ्या. विमानाचं सामान, पेटीचं वजन, ट्रेनमधली ओढाताण, हे सगळं करून शेवटी आपली सायकल तिथल्या उतारासाठी बनलेलीच नसते. पार्कात मिळणाऱ्या सायकलींना १६० ते २०० मिलिमीटरचं सस्पेन्शन, जाड टायर, मोठ्या डिस्क असतात. दुकानात आपलं खरं वजन सांगा, लाजू नका. सस्पेन्शनमधली हवा त्यावरूनच ठरते. ई-बाईक न्यायचा विचार असेल तर तो सोडाच. तिची मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही.

भाड्यानं न घ्यायच्या गोष्टी मात्र आहेत. तोंड झाकणारं, म्हणजे फुल-फेस हेल्मेट स्वतःचं असू द्या. डोक्याला घट्ट बसलं पाहिजे. मान हलवली की हेल्मेटसुद्धा हललं पाहिजे, आत डोकं एकटं फिरता कामा नये. गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड, पाठीचं कवच, गॉगल. हातमोजे दोन जोड, कारण एक भिजणारच. सपाट, पकड असलेल्या तळाचे बूट. हे सगळं घालून इथे टेकडीवर दोन-तीनदा जा. लोक बघतील, बघू देत.

आता शरीर. निघायच्या आधी आठ आठवडे धरा. आठवड्यातून दोन दिवस स्क्वॉट, लंज, प्लँक आणि दंड. सोबत बारला लटकणं. अगदी साधं, दोन्ही हातांनी लटकायचं आणि सेकंद मोजायचे. तीस सेकंदांनी सुरुवात केलीत तर आठवड्याला पाच-पाच वाढवा. उतारावर कोपरापासून मनगटापर्यंतचा स्नायू दगडासारखा होतो, बोटं उघडत नाहीत, आणि ब्रेक सुटतो तो तेव्हा. आणखी एक दिवस लांब उतार शोधा आणि सीटवर न बसता पूर्ण उतरा. गंमत बघा, तिकडच्या बहुतेक लिफ्ट जूनपासून सप्टेंबरपर्यंत चालतात आणि तेव्हा आपल्याकडे पावसाळा. म्हणजे ऑगस्टमध्ये जाणार असाल तर जुलैतला सह्याद्रीचा चिखल हा तुमचा फुकटचा क्लास आहे. ओल्यात सायकल कशी घसरते हे इथेच, कमी वेगात शिकून घ्या.

कागदपत्रांकडे येऊ. कंटाळवाणं आहे, पण खरा खर्च इथेच होऊ शकतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावा लागतो. उन्हाळ्यात तारखा मिळणं अवघड असतं, तेव्हा शेवटच्या महिन्यावर सोडू नका. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो घेतला की आपण निश्चिंत होतो. होऊ नका! बऱ्याच प्रवास विम्यांमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. पॉलिसी व्हिसासाठी चालते, पण मोडलेल्या हातासाठी चालत नाही. म्हणून विमा कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारा. लिफ्टनं वर जाऊन उतरण्याचं सायकलिंग यात येतं का? हेलिकॉप्टरनं सुटका केली तर पैसे कोण भरणार? जखमी होऊन घरी परत यायचा खर्च आहे का? उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरचं ‘हो सर, हो मॅडम’ नंतर सापडत नाही. डोंगरातलं हेलिकॉप्टर म्हणजे हजारो युरोंचा मामला. फ्रान्समध्ये डोंगरातली सरकारी मदत सहसा मोफत असते, पण पार्कच्या हद्दीत तिथल्या पथकानं खाली आणलं तर बिल येऊ शकतं.

फोनमध्ये आत्ताच नंबर टाका. ११२ सगळीकडे चालतो. ऑस्ट्रियात डोंगरी बचावासाठी १४०, स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचावासाठी १४१४. प्रत्येक वाटेवर तिचं नाव किंवा क्रमांक लिहिलेला असतो, उतरताना तो लक्षात ठेवा. मदत मागताना सगळ्यात आधी तोच विचारतात. हेलिकॉप्टर आलंच तर दोन्ही हात वर, इंग्रजी वायसारखे, म्हणजे ‘हो, मदत हवी’. एक हात वर आणि एक खाली म्हणजे ‘नको’. उत्साहात एकच हात हलवून टाटा करू नका!

आणि पार्कातला दिवस. सकाळी पहिली फेरी हळू, फक्त वाट बघायला. उडी दिसली की आधी थांबून तिचं उतरण बघा, मगच ठरवा. थांबायचं तर वाटेच्या कडेला, वरून येणाऱ्याला दिसेल असं. उडीच्या खाली कधीच नाही. उन्हाळ्यात आल्प्समध्ये दुपारनंतर गडगडाट होतो, लिफ्ट बंद पडतात, म्हणून मोठ्या फेऱ्या सकाळी उरकून घ्या. खिशात शेंगदाण्याचे लाडू नाहीतर चिक्की ठेवा, वरच्या हॉटेलात चीज आणि बटाट्याशिवाय शाकाहारी फारसं मिळत नाही आणि महागही असतं.

संध्याकाळी लिफ्ट बंद व्हायला अर्धा तास उरतो, मित्र म्हणतो, ‘चल, एक शेवटची.’ तिथे मुरलेले लोक हा शब्द उच्चारत नाहीत, आणि ती नुसती अंधश्रद्धा नाही. हात थकलेले, डोळे थकलेले, पैसे वसूल करायची घाई, वाट सकाळपेक्षा उखडलेली. म्हणून नियम आधीच ठरवा: बोटं दुखून ब्रेकची जाणीव कमी झाली, की त्या दिवसापुरतं संपलं. लिफ्टमध्ये बसूनही खाली येता येतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. सहा दिवसांची सहल असेल तर तिसरा दिवस सुट्टीचा ठेवा. वर्षभर साठवलेले पैसे पहिल्याच संध्याकाळी प्लास्टरमध्ये घालवायचे नाहीयेत आपल्याला.

तर आजचा गृहपाठ तीन गोष्टींचा. घरी गेल्यावर आपल्या सायकलचा उजवा ब्रेक कुठल्या चाकाचा आहे ते बघा. विम्याची पॉलिसी उघडून त्यात ‘वगळलेल्या बाबी’ वाचा. आणि दाराच्या चौकटीवर नको, नीट बारला लटकून किती सेकंद टिकता ते मोजा. आकडा मला कळवा, कमी आला तरी कळवा. पुढच्या भागात सस्पेन्शनची हवा आणि टायरचं प्रेशर घरच्या घरी कसं तपासायचं ते बघू. तोवर बोटं ब्रेकवर, नजर लांब. भेटूच!