लग्नाची पंगत आणि पेरणीचे बियाणे

(तापीकाठच्या एका गावी शेतकरी व कसबी लोकांच्या सभेत झालेले भाषण)



आखाजी तोंडावर आली आहे. गावोगाव बैठका होऊन याद्या ठरत आहेत, मांडवासाठी मेढी तोडल्या जात आहेत, आणि आचाऱ्याला विसार देण्याकरिता कोणाकडे हात पसरावा याचा विचारही कित्येक घरांत रात्री चालू आहे. अशा दिवसांत लग्नखर्चावर बोलावयास उभे राहणे पुष्कळांस रुचणार नाही. आनंदाच्या प्रसंगी हिशेबाची वही कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे इतकेच की, वही तुम्ही उघडली नाही तर उसने देणारा उघडतो, आणि मग ती त्याच्याच घरी राहते.

पहिल्याने एक गोष्ट साफ करून टाकू. शेतकरी लग्नात पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, हे शहाण्यासुरत्या लोकांचे फार जुने पालुपद आहे. ते खरे नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी रयतेने सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्या बंडाची चौकशी करण्यास सरकारने जे कमिशन नेमले, त्यानेही असेच लिहिले की, रयतेच्या कर्जाचे कारण म्हणून लग्नकार्याच्या खर्चास वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देण्यात आले आहे. जोतीराव फुल्यांनीही 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून हा आरोप शेतकऱ्यावरून झटकून टाकला. कर्जाची मुळे सारा, व्याज, पडलेला भाव आणि हुकलेला पाऊस यांतच होती, आणि आजही पुष्कळशी तेथेच आहेत. तेव्हा तुम्हांस उधळे ठरविण्याकरिता आम्ही येथे आलो नाही. पण पाऊस आपल्या हातात नाही, मिरचीचा भाव नंदुरबारच्या बाजारात दुसरेच ठरवितात. जेवणाची यादी मात्र आपल्या ओसरीवर आपणच करतो. म्हणून आज तिच्याविषयी बोलावयाचे.

आता आपल्या जिल्ह्याची घडी पाहा. कापूस आणि मिरची यांचा पैसा दिवाळीपासून माघ-फाल्गुनापर्यंत येतो. लग्ने होतात चैत्र-वैशाखात. आणि मृग निघाला की बियाणे, खत, मजुरी सगळे एकदम दाराशी उभे राहते. म्हणजे वैशाखात जो रुपया पंगतीत गेला, तो ज्येष्ठात पाभरीला कमी पडतो. त्यात पीककर्जाची गोष्ट ध्यानात ठेवा. मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्यास तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज व्याजाशिवाय पडते, ही सवलत आपल्या राज्यात आहे. मुदत चुकली की सवलत गेली, थकबाकीदार म्हणून नवे कर्जही अडले, आणि पेरणीला खाजगी उसनवार करावी लागली. ते व्याज लग्नाच्या हिशेबात कोणी मांडत नाही. पण ते लग्नाचेच व्याज होय. सबब, ज्याच्या घरी कार्य आहे त्याने अगोदर दोन रकमा बाजूस काढाव्या, एक कर्जाच्या हप्त्याची व दुसरी बियाण्याची, आणि उरेल त्यात मांडव घालावा.

उरेल ते थोडे असेल. हरकत नाही. थोड्यात चांगले जेवण कसे घालावे हे आपल्या बायांस आपल्यापेक्षा जास्त कळते, पण यादी करताना त्यांस कोणी विचारीत नाही. हल्लीच्या मांडवात काय दिसते? पनीर, नूडल, तीन तऱ्हेची गोडे, आणि ताटात अर्धे टाकलेले अन्न. ही चाल शहरातल्या हॉलांतून आपल्याकडे आली. आपले खानदेशी वरण-बट्टीचे जेवण या सर्वांस भारी आहे, आणि ते आम्ही अभिमानापोटी म्हणत नाही, कारणे सांगतो. गव्हाचे जाडसर पीठ, ओवा, हळद, मीठ, मोहन घालून बट्टी वाफवून ठेवता येते, आणि पंगत बसेल तशी कापून तळता येते. माणसे उशिरा आली तरी खराबी होत नाही, कमी आली तर पीठ मळलेच जात नाही. नवापूरच्या तुरीच्या डाळीचे वरण, घोटलेली वांग्याची भाजी, वर तूप, आणि गोडास एकच पदार्थ. पाहुणा तृप्त होतो. खापरावरची पुरणपोळी उत्तम खरी, परंतु तिच्यासाठी दहा बाया दिवसभर जाळापुढे बसतात. ती घरच्या पन्नास माणसांसाठी ठेवा, पाचशेंच्या पंगतीचा तिच्यावर भार टाकू नका.

माप विचाराल तर आमच्या अनुभवाचे अदमास असे: शंभर पानांना गव्हाचे पीठ वीस किलो, तुरीची डाळ सहा-सात किलो, वांगी पंधरा ते अठरा किलो, तांदूळ पाच-सहा किलो, तूप तीन-चार किलो. लहान मुले पुष्कळ असतील तर कमी. आचारी याच्या दीडपट सांगतो. त्यास आपली लाज राखावयाची असते आणि माल तुमचा असतो. पाण्याचे माप तर कोणीच करीत नाही. वैशाखाच्या उन्हात पिण्यास व हात धुण्यास माणशी चार-पाच लिटर धरा, आणि टँकर सकाळीच सांगून ठेवा. पाण्यावाचून खोळंबलेली पंगत आणि रिकामे हंडे घेऊन धावणाऱ्या पोरी, हे दृश्य कोणत्याही यजमानास शोभत नाही.

अन्न बाधण्याविषयी चार शब्द. आपल्याकडे उन्हाळ्यात चाळीस अंशांवर ऊन जाते. अशा दिवसांत बासुंदी, रबडी, खव्याचे पदार्थ दुपारी करून रात्री वाढणे म्हणजे पाहुण्यांना दवाखान्याचे निमंत्रण देणे होय. भात मोठ्या गंजात झाकून सहा-सहा तास ठेवू नये, तो लागेल तसा शिजवावा. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या पातेल्यात चिंचेची आमटी, कढी, ताक ठेवू नये. आंबटाने तांबे उतरते आणि उलट्या होतात. भाड्याची भांडी आणताना आतून पाहून घ्या. कल्हईवाला आता गावात क्वचित येतो, पण आला की त्यास परत पाठवू नका.

आता मायबहिणींचा प्रश्न. आपल्या पंगतीचा क्रम काय? आधी वऱ्हाडी, मग गावचे मानकरी, मग भाऊबंद, मग पोरेसोरे, आणि शेवटी बाया. ज्यांनी पहाटेपासून पीठ मळले, वांगी चिरली, त्यांच्या पानात वरण पातळ होऊन येते, बट्टी संपलेली असते, तूप तर नावाला नसते. तान्ह्या लेकराची आई दुपारी चार वाजता पहिला घास घेते. यास आपण रीत म्हणतो! आमची सूचना अशी की, दुसरी पंगत बायांची बसवावी आणि वाढपी पुरुष असावे. याला एक पैसा खर्च नाही. ज्याला ही साधी गोष्ट जड जाते, त्याने समाजसुधारणेच्या गप्पा मारू नयेत.

आणि पंगतीत कोण कोठे बसतो, हेही बोलले पाहिजे. मांडवाची माती लिंपणारा, बोहल्याची मडकी देणारा कुंभार, पाट-चौरंग करणारा सुतार, पायघड्या घालणारा परीट, वाजंत्री वाजविणारा मांग, यांच्यावाचून आपल्या वाडवडिलांचे लग्न लागत नव्हते. त्यांच्या हातचे सर्व काही मांडवात चाले, फक्त त्यांचे पान मांडवाबाहेर पडे. कोठे कोठे अजूनही ‘त्यांचे नंतर पाहू’ असे हळूच म्हणतात. ज्या ब्राह्मण्याच्या नावाने आपण बोटे मोडतो, तेच आपल्या मांडवात सोवळे नेसून बसले आहे, दुसरे काय! एकच पंगत, एकच वाढपी, एकच पातेले ठेवा. आणि डीजेवाल्यास हजारो रुपये मोजताना गावच्या वाजंत्र्यास, कुंभारास ‘पुढे बघू’ म्हणू नका. त्याच्याही घरी आखाजी आहे. डीजेचे म्हणाल तर रात्री दहानंतर तो वाजविण्यास 2000 सालच्या नियमांनी मनाई आहेच, आणि गावातल्या म्हाताऱ्यांची व आजाऱ्यांची झोप कायद्यापेक्षाही मोठी आहे. वरातीस घोडा पाहिजे, तोही सारंगखेड्याच्या यात्रेत नावाजलेला नाचणारा पाहिजे, असा काही नवरदेवांचा हट्ट असतो. घोडा नाचो, आमची तक्रार नाही. बापाला नाचावे लागू नये.

सातपुड्यातल्या आपल्या आदिवासी बांधवांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तेथे मोठे काम निघाले की ‘लाह’ करतात, म्हणजे पाडा मिळून एकाचे काम उरकतो आणि पुढे तोही दुसऱ्याच्या कामास जातो. मुलीच्या बापाने हुंडा देण्याची चाल त्यांची नव्हे. उलट देज मुलाकडून मुलीकडे जाते. सपाटीवरच्या सुधारलेल्या म्हणविणाऱ्या लोकांनी याचा विचार करावा. देज वाढून तरुणास वर्षानुवर्षे गुजरातेत ऊसतोडीस राबावे लागते, ही मात्र त्यांच्याकडची अडचण आहे, आणि तिच्यावर त्यांचेच पुढारी बोलतात ते योग्य आहे. दारूविषयी तर त्यांनी आपल्या पुढे पाऊल टाकलेले आहे. तळोदे तालुक्यातील गुलाम महाराज 1938 साली निवर्तले; त्यांच्या आप धर्माच्या आरतीने हजारो भिल्लांनी दारू सोडली. पुढे शहाद्यास 1972 साली श्रमिक संघटना निघाली, आणि तिच्या बायांनी दारूची मडकी स्वतः फोडली. ज्या जिल्ह्यात हे घडले त्या जिल्ह्यात हळदीच्या रात्री दारूची सोय ‘पाहुणचार’ म्हणून यादीत लिहिली जाते!

एका गोष्टीत मात्र काटकसर म्हणजे पाप आहे. थोरलीच्या मांडवात धाकटीचेही उरकून टाकू, एकाच जेवणावळीत दोन कार्ये होतील, असा हिशेब घालतात, आणि धाकटी असते चौदा-पंधरा वर्षांची. एक पंगत वाचविण्यापायी त्या पोरीची शाळा जाते, अंग सावरण्याआधी बाळंतपण येते. 2006 च्या कायद्याप्रमाणे मुलीस 18 व मुलास 21 वर्षे पुरी पाहिजेत. असे लग्न लावणाऱ्यास व जुळविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कोठे असे ठरत असल्याचे कळले तर 1098 या नंबरावर फोन करा. तसेच हुंडा 1961 सालापासून गुन्हा आहे, घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचाही. त्यास ‘मानपान’ म्हटल्याने तो दुसरा काही होत नाही.

कोणी विचारील, भाऊबंदांनी नाव ठेवले तर? जातीचे जेवण घातले नाही म्हणून वाळीत टाकले तर? वाळीत टाकणे हाच आपल्या राज्यात गुन्हा आहे; 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे. नाव ठेवण्यास मात्र कायदा नाही. त्यावर दाखला देतो. 2021 सालच्या एप्रिलात, करोनाच्या साथीत, सरकारने हुकूम काढला की लग्न दोन तासांत उरकावे व 25 माणसांवर जमू नयेत. त्या वर्षी आपल्याकडे अशी लग्ने लागली. त्या जोडप्यांची लेकरे आता अंगणवाडीत जातात. पंचवीस माणसांत झालेले लग्न कच्चे झाले, असे कोणी म्हटल्याचे आमच्या कानावर नाही.

त्याच्याही फार आधी, 25 डिसेंबर 1873 रोजी, सत्यशोधक समाज स्थापन होऊन पुरते चार महिने झाले नव्हते, तेव्हा पुण्यात सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचा विवाह लागला. पुरोहित नाही, दक्षिणा नाही, हुंडा नाही. सावित्रीबाईंनी त्या कार्यात पुढाकार घेतला. विरोधाची धास्ती असता ते लग्न झाले. आज तर तशी धास्तीही नाही. ग्रामपंचायतीत विवाहाची नोंद होते, नोंदणी पद्धतीने लग्न करावयाचे तर 1954 चा कायदा आहे. त्यास तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते व तीन साक्षीदार लागतात, एवढे लक्षात ठेवा. सामूहिक विवाहाला सरकारची शुभमंगल योजना आहे, तिची चौकशी महिला व बालविकास कचेरीत करावी.

आता कामाचे बोलून खाली बसतो. दर लग्नाला गंज, पराती, ओगराळी, ताटे, सतरंज्या यांचे भाडे प्रत्येक घर वेगळे भरते. चाळीस घरांनी वर्गणी केली तर दोनेक हंगामांच्या भाड्यात गावाची स्वतःची भांडी होतील, असा आमचा अंदाज आहे. ती शाळेच्या खोलीत ठेवावी, किल्ली दोघी बायांकडे असावी, मोडतोडीची नोंद वहीत व्हावी. ज्यांच्या घरी येत्या महिन्यात कार्य आहे त्यांनी आपल्या जेवणाच्या याद्या घेऊन सभेनंतर थांबावे. घरातल्या बायांसही बोलवा. कागद आणि पेन्सिली आम्ही आणल्या आहेत. भांड्यांची यादी आजच करू, आणि वर्गणी कोण गोळा करणार तेही आजच ठरवू.