लंडनमधील एक सायंकाळ



गेल्या वर्षी तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे श्रावण लागला तेव्हा, आम्ही उभयता कन्येकडे लंडनला गेलो होतो. एके सायंकाळी तिने आम्हांस रॉयल अल्बर्ट हॉलमधील ‘प्रॉम्स’ या संगीतमहोत्सवास नेले. असा महोत्सव आम्ही प्रथमच पाहिला.

सर्वसामान्यांना अल्प दरात उत्तम संगीत ऐकावयास मिळावे, या हेतूने १८९५ साली क्वीन्स हॉलमध्ये त्याचा आरंभ झाला. १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात ते सभागृह नष्ट झाले. तरी त्याच वर्षी महोत्सव अल्बर्ट हॉलमध्ये भरलाच. आजही व्यासपीठासमोर शेकडो श्रोते स्वस्त तिकीट काढून उभ्याने ऐकतात. ते पाहून गंगाखेडच्या कीर्तनात दोन-दोन तास उभे राहणारे आपले टाळकरी आठवले. वाद्यवृंदाचे संगीत आम्हांस उमगले, असे म्हणणे मात्र ढोंग ठरेल.

आमच्यासाठी कन्येने खुर्च्यांची तिकिटे काढली होती. ती स्वतः खाली उभी होती, डोळे मिटून. परभणीस असता चौदाव्या वर्षी तिने गाणे शिकण्याचा हट्ट धरला होता. ‘आपल्यांत मुली गात नाहीत,’ असे सांगून आम्हीच तो मोडून काढला. त्या रात्री तिने त्याचा उच्चारही केला नाही.

आपल्या मुलींच्या वसतिगृहास देणगीदाखल मिळालेली बाजाची पेटी कित्येक वर्षे कपाटात बंद आहे. तिथली व्यवस्था आम्ही पाहतो, म्हणून किल्ली आमच्यापाशीच असते. आज ती सोबत आणली असून अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहोत.