बाहेरचं नव्हे, आजारच

बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वह्या मिटल्या, की घरातल्या गोष्टी निघतात. साताऱ्यात माणकडे जा नाहीतर सांगलीत जतकडे, एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येतं, "तिला बाहेरचं लागलंय."

म्हणजे काय होतं? कुणी नसताना तिला आवाज ऐकू येतात. जावेनं जेवणात काहीतरी कालवलंय, अशी खात्रीच होते. किती समजावलं तरी पटत नाही. बोलणं असंबद्ध होतं, झोप उडते, अंघोळ-वेणीफणी सुटते. डॉक्टर याला सायकोसिस म्हणतात. खरं काय आणि भास काय, हे तिला वेगळं करता येत नाही. ती सोंग करत नसते. स्किझोफ्रेनिया हा यातलाच आजार. जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला तो असतो, पुरुषांनाही होतो.

बाळंतिणीकडे जास्त लक्ष द्या. हजारात एखाद-दुसरीला बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, असा त्रास सुरू होतो. तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिच्याशी वाद घालू नका, होला हो पण करू नका. "तुला भीती वाटतेय ना? मी आहे," एवढं म्हणा. औषधानं पुष्कळांना आराम पडतो. पण बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद केल्या, तर आजार उलटतो.

देवाला जरूर जा, पण औषध चुकवू नका. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षं झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. भूत उतरवतो म्हणून बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा आता गुन्हा आहे.

साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये, मिरज-सांगलीच्या सरकारी दवाखान्यात मानसिक आजाराचे डॉक्टर विचारा. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्रीही फुकट, मराठीत बोलता येतं. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर हा नंबर लिहा. आणि एखादी बाई लागोपाठ दोन बैठकांना आली नाही, तर तिच्या नावावर दंड मांडण्याआधी दोघी-तिघी मिळून तिच्या घरी जाऊन या.