स्कंक, कुत्रा आणि आजी

आपल्यातल्या कितीजणी मुलांकडे सहा-सहा महिने अमेरिकेत राहून येतात. तिथं अंधार पडल्यावर कुत्र्याला मागच्या अंगणात सोडायचं काम आजीकडेच येतं. म्हणून आज स्कंकविषयी.

मांजराएवढा काळा प्राणी, पाठीवर पांढरे पट्टे. तो आधी पाय आपटतो, शेपटी उभारतो. कुत्र्याला तो खेळ वाटतो. मग शेपटीखालून फवारा, आठ-दहा फुटांवरूनही थेट तोंडावर! त्यामुळे दिवा लावा, टाळ्या वाजवा, मगच कुत्रा सोडा.

शेजारीण टोमॅटोचा रस चोळायला सांगेल. डबे फोडू नका. नाक सरावतं, वास तिथंच राहतो. पॉल क्रेबॉम या अमेरिकन रसायनतज्ज्ञांचा उतारा १९९३ साली छापून आला, तो खरा. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड १ लिटर, खायचा सोडा पाव कप, भांड्यांचा पातळ साबण १ चमचा. ताजं कालवून कोरड्या अंगाला चोळा, ५ मिनिटांनी धुवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. डोळे नुसत्या पाण्यानंच धुवायचे. उरलेलं ओतून टाका. बाटलीत बंद केलंत तर ती फुटेल.

वासाचं एक वेळ चालेल, पण तिथं स्कंक रेबीजही पसरवतात. कुत्र्याला चावा दिसला, तर लस झालेली असली तरी लगेच डॉक्टरकडे न्या. तुम्हालाच चावला, तर जखम साबणानं १५ मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबू नका, त्याला फोन करून बोलवा.