द्राक्षमळ्याचा धनी आणि बाजारात उभे राहिलेले मजूर
(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिली म्हटली म्हणजे रोषणाई, मिरवणूक आणि मेजवानी ह्यांचीच आठवण प्रथम होते. परंतु प्राचीन यहुदी शास्त्रात ज्युबिलीचा अर्थ ह्याहून गंभीर होता. पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकले जाई, दास मोकळे होत आणि हातची गेलेली जमीन मूळच्या घराण्याकडे परत येई. ज्याची संधी हिरावली गेली त्याला ती परत देण्याचा हा सण होय. म्हणून ह्या मंगलप्रसंगी नोकरी व मजुरी ह्यांसारखा पोटापाण्याचा विषय आम्ही काढला, ह्यात काही अनुचित झाले असे आम्हांस वाटत नाही.

द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपण सर्वांनी पुष्कळ वेळा ऐकला आहे. शेवटच्या घटकेस आलेल्या मजुरांना त्याने पहिल्यांइतकीच मजुरी दिली, ह्या एका गोष्टीवर आपले लक्ष खिळते. परंतु त्याच दाखल्यात एक प्रश्न व एक उत्तर आहे, तिकडे आपण फारसे पाहत नाही. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे धनी विचारतो. आणि मजूर सांगतात की आम्हांला कोणी कामावरच घेतले नाही. ते आळशी नव्हते. ते पहाटेपासून बाजारात उभे होते. उणीव त्यांच्या अंगी नव्हती. ती निवडणाऱ्याच्या नजरेत होती. आमच्या आजच्या भाषणाचा सारा विषय ह्या एका उत्तरात सामावला आहे.

ह्या दाखल्याचा आपल्या रायगड जिल्ह्याशी एक विलक्षण संबंध आहे. जॉन रस्किन ह्या इंग्रज ग्रंथकाराने १८६० साली अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले आणि पुढे त्यांच्या पुस्तकाला ह्याच दाखल्यातील शब्दांचे नाव दिले. ते पुस्तक १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडले. वकिलाच्या कामाचे आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, हा बोध त्यांनी त्यातून घेतला. १९०८ साली त्याचा सारांश गुजरातीत उतरविला आणि त्यास 'सर्वोदय' असे नाव दिले. ह्याच सर्वोदयाचा विचार ज्यांनी पुढे पायी फिरून भारतभर नेला, ते विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मले ते पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक ह्या लहानशा गावी. यरुशलेमेकडच्या द्राक्षमळ्यातून निघालेली वाट अशा रीतीने आपल्या भातशेतीच्या बांधापर्यंत येऊन पोहोचली. त्याच विनोबांनी १९५९ साली पवनार येथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले, ते स्त्रियांच्या हाती सोपविले. आणि तेथे साधनेइतकाच श्रमालाही मान दिला.

आता गागोद्याच्या तालुक्यातच थोडे फिरून पाहू. ह्या भागात ठाकूर व कातकरी ह्यांच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. धंद्यावरून जमातीस नाव पडले. जंगलाचे कायदे आले, खैर हातचा गेला, आणि नाव तेवढे मागे राहिले. पावसाळा सरला की पुष्कळ कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर अगर कोळशाच्या भट्टीवर जातात. तेथे मजुरी हजार विटांच्या हिशेबाने ठरते आणि नवराबायको मिळून एक जोडी धरली जाते. चिखल ती तुडविते, विटा ती वाहते, मूल पाठीशी बांधून ती काम करते. परंतु हिशेबाच्या वहीत नाव मात्र नवऱ्याचे. तिने किती कमाविले हे तिला तर नाहीच, कोणालाच सांगता येत नाही. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली आणि त्याच साली स्त्रीपुरुषांना समान वेतन देण्याचाही कायदा झाला. परंतु ज्या वहीत स्त्रीचे नावच नाही, त्या वहीपर्यंत कायद्याचा हात पोहोचावा कसा?

ह्याविरुद्ध दुसरे उदाहरण आपल्याच राज्याने घालून दिले आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्रात सरकारी कामांवर लाखो माणसे आली व त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि कामाच्या मापाप्रमाणे स्त्रीपुरुषांस एकच दर, हे तिचे तत्त्व होते. शहरातील पगारदारांकडून व्यवसायकर घेऊन खेड्यातील हातांना काम देण्याची ही व्यवस्था होती. घमेल्याला जात नसते आणि लिंगही नसते. माती मोजली की दाम चुकते करावयाचे. इतकी सरळ गोष्ट समजण्यास आपल्याला दुष्काळ पडावा लागला!

कोणी म्हणेल, ही अडाणी मजुरांची कथा झाली. शिकलेल्या स्त्रीस असा अन्याय सोसावा लागत नाही. त्यांनी ऑड्री डिकॉस्टा ह्यांचे प्रकरण ध्यानात घ्यावे. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत त्या लघुलेखिका होत्या. पुरुष लघुलेखकांना अधिक वेतन व स्त्रियांना कमी, असा तेथील क्रम होता. १९७७ साली त्यांची नोकरी संपुष्टात आल्यावर त्यांनी समान वेतनाच्या कायद्याखाली दाद मागितली. कंपनीने उत्तर दिले की ह्या स्त्रिया वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे खाजगी कामास असतात, म्हणून त्यांचे काम निराळे; पगाराचे दर कामगार संघटनेशी झालेल्या करारानेच ठरले आहेत; शिवाय कंपनीची सांपत्तिक स्थितीही बरी नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. काम जर मूलतः सारखे, तर वेतनही सारखेच. करार झाला म्हणून अन्यायाचा न्याय होत नाही, आणि मालकाची तिजोरी रिकामी आहे ही सबब चालावयाची नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्या कायद्याचा अंतर्भाव पुढे २०१९ च्या वेतनसंहितेत झाला. दहा वर्षे झगडणाऱ्या ह्या एका टंकयंत्रावरील स्त्रीचे ऋण देशातील प्रत्येक नोकरी करणाऱ्या मुलीवर आहे.

आता अल्पसंख्याकांचा प्रश्न. राज्यघटनेचे सोळावे कलम सांगते की सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग अगर जन्मस्थान ह्यांवरून कोणास डावलता येणार नाही. परंतु हे बंधन सरकारवर आहे. खाजगी पेढीने आडनाव वाचून अर्ज बाजूस ठेवला, तर धर्माच्या कारणाने झालेल्या त्या अन्यायाविरुद्ध सर्वसाधारण असा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. दलित ख्रिस्ती बांधवांची अडचण तर दुहेरी आहे. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. धर्माची ही अट काढावी अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली केली होती. गावकुसाबाहेरचे घर बाप्तिस्म्याने गावात येत नाही, हे ज्याने नगर अगर मराठवाड्याकडील खेडी पाहिली आहेत त्यास सांगावयास नको.

ह्या बाबतीत आपण आपला इतिहास विसरू नये. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्ण ज्युबिलीच्या वर्षी, मुंबई व साष्टीच्या ख्रिस्ती लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. नोकरीसाठी येथे आलेल्या गोव्याच्या व मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, येथले मूळ रहिवासी, हे सरकारच्या ध्यानी यावे हा त्यातील एक हेतु होता. म्हणजे भाकरीसाठी आपल्या वाडवडिलांनी नाव बदलले! ज्या समाजाने स्वतः नोकरीत वाटा मागितला, त्याने दुसऱ्याच्या मागणीस नाक मुरडणे शोभत नाही. पुढे पंधराच वर्षांनी, २६ जुलै १९०२ रोजी, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. त्या राजाने जे केले ते दान म्हणून केले नाही. बाजारात दिवसभर उभ्या राहिलेल्यांना त्याने पहिल्या प्रथम हाक मारली, इतकेच.

संतपिता तेराव्या लिओंनी १८९१ साली कामगारांच्या हक्कांचे परिपत्र काढले आणि दुसऱ्या जॉन पॉल ह्यांनी १९८१ च्या परिपत्रात आईपणामुळे स्त्रीस कामावर डावलले जाऊ नये असे बजावले. परिपत्रे ग्रंथालयात ठेवण्यासाठी नसतात. २०१७ पासून बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. तेव्हा मुलाखतीस आलेल्या मुलीला, लग्न कधी करणार, असे विचारून परत पाठविणारे मालकही निघाले. असा प्रश्न आपल्या समाजातील कोणाही मालकाच्या तोंडून निघू नये.

ह्यास्तव ज्युबिलीच्या वर्षात चार गोष्टी आपण सर्वांनी मिळून कराव्या अशी आमची विनंती आहे. पहिली: आपल्या शाळेत, दवाखान्यात अगर कचेरीत जागा रिकामी झाली की ती देवळाच्या फलकावर व शेजारच्या वाडीवरही जाहीर करावी, ओळखीने कानात सांगितलेली नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास होय. घटनेच्या तिसाव्या कलमाने आपल्याला शाळा चालविण्याचा हक्क दिला आहे; तो नातलगांची सोय लावण्यासाठी खचितच नाही. दुसरी: लावणीस, कापणीस अगर बांधकामास बोलाविलेल्या स्त्रीस पुरुषाइतकाच रोज द्यावा, आणि तो तिच्याच हाती द्यावा. तिसरी: घरी कामास येणाऱ्या बाईस आठवड्याची सुट्टी व आजारपणाचा पगार असावा. चौथी: मुलगा व मुलगी ह्यांच्या शिक्षणावर खर्च करताना आईबापांनी दोन मापे वापरू नयेत, कारण नोकरीच्या दारातील अन्यायाचा आरंभ बहुधा घरच्या उंबरठ्यावरच होतो.

ह्यांपैकी एकाही गोष्टीस सरकारची परवानगी नको, वर्गणी नको, मंडपही नको. पुढल्या सुगीस आपल्या शेतावर मजुरीचा हिशेब होईल, तेव्हा वहीत बाईचे नाव निराळ्या ओळीत लिहिले आहे किंवा नाही, एवढे प्रत्येकाने पाहावे. परमेश्वर आपणां सर्वांस तशी सद्बुद्धी देवो.